हिरड्यांतून रक्त येत नाही म्हणून निर्धास्त राहू नका: तंबाखू आणि लाळेची तपासणी

हिरड्यांचा आजार बहुतेकांना रक्तावरून कळतो. सकाळी दात घासताना ब्रशवर किंवा थुंकीत लाली दिसली की माणूस दचकतो, चार दिवस मिठाच्या पाण्याने गुळण्या करतो आणि तरीही थांबले नाही तर दाताच्या डॉक्टरांकडे जातो. विडी-सिगारेट ओढणाऱ्याच्या बाबतीत मात्र ही खूण बरेचदा उमटतच नाही. त्याच्या हिरड्यांतून रक्त कमी येते, सूजही फारशी दिसत नाही, आणि आतले हाड मात्र झिजत राहते. लाळेतील काही ठरावीक प्रथिने मोजून हा आजार आधीच ओळखता येईल का, यावर गेली काही दशके जगभर काम चालू आहे. त्यातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा प्रश्न असा, की तंबाखू घेणाऱ्याच्या आणि न घेणाऱ्याच्या लाळेला एकच मोजपट्टी लावावी का. लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि ते का, हे समजण्यासाठी आधी आजार समजून घ्यावा लागेल.

दाताला हिरडी जिथे टेकते तिथे मुळातच एक बारीक फट असते आणि निरोगी तोंडात तिची खोली १ ते ३ मिलिमीटर भरते. दात नीट घासले गेले नाहीत की या फटीच्या काठावर जिवाणूंचा चिकट थर साचतो, लाळेतील क्षार त्यात बसून त्याचे टणक कीटण होते आणि हिरडी सुजते. १९६५ साली डेन्मार्कमध्ये हाराल्ड ल्यो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी हिरड्यांच्या १२ जणांना दात घासणे थांबवायला सांगितले, तेव्हा १० ते २१ दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. घासणे पुन्हा सुरू केल्यावर त्या पूर्ववत झाल्या. म्हणजे ही पहिली अवस्था परतवता येते. पुढच्या अवस्थेत दाताला हाडाशी बांधून ठेवणारे तंतू तुटतात, हाड खाली जाते, फट खोल होते आणि शेवटी दात हलू लागतो. आपल्याकडे लोक याला पायरिया म्हणतात, डॉक्टर पिरिओडॉन्टायटिस म्हणतात. गेलेले हाड आपोआप भरून येत नाही, म्हणून तो लवकर ओळखण्याला इतके महत्त्व आहे.

डॉक्टर ही फट प्रोब नावाच्या बारीक, बोथट टोकाच्या सळईने मोजतात. सळईवर मिलिमीटरच्या खुणा असतात. ती अगदी हलक्या हाताने दाताच्या कडेने खाली सरकवायची आणि कितवी खूण हिरडीखाली गेली ते पाहायचे. डॉक्टर आकडे बोलतात, शेजारी उभा असलेला मदतनीस तक्त्यात लिहून घेतो: तीन, दोन, तीन, पाच, चार, सहा. एका दाताभोवती सहा ठिकाणी, म्हणजे तोंडात २८ दात असतील तर १६८ ठिकाणी हे करायचे. सळई बाहेर काढल्यावर काही क्षणांत तिथे रक्ताचा ठिपका येतो का, तेही नोंदवायचे. या कामाला सरावाचा हात, चांगला उजेड, खुर्ची आणि पुरेसा वेळ लागतो. दापोली किंवा देवगड तालुक्यातल्या एखाद्या गावी, शाळेच्या पडवीत भरलेल्या आरोग्य शिबिरात माणसे दारापर्यंत रांगेत असतात आणि डॉक्टर एकटेच असतात, तेव्हा प्रत्येकाची अशी मोजणी होत नाही. लाळेच्या तपासणीचा विचार करायचा तो अशा ठिकाणांसाठी.

आता मिरकरवाड्याच्या किंवा हर्णैच्या बंदरावर ट्रॉलरवरून उतरणारा पंचेचाळिशीतला खलाशी डोळ्यांसमोर आणावा, जो विशीपासून विडी ओढतो आहे. त्याच्या हिरड्या वरून फिकट, घट्ट आणि जाडसर दिसतात, ब्रशवर रक्त येत नाही, दुखतही नाही. आपले दात चांगले आहेत असे तो म्हणेल, आणि त्याच्या दृष्टीने ते खरेच असेल. पण प्रोब घातली तर ती मागच्या दाढांशी सहा-सात मिलिमीटर आत जाऊ शकते आणि एक्स-रेमध्ये मुळांभोवतीचे हाड बरेच खाली गेलेले दिसू शकते. साका पडलेला हापूस बाहेरून सोनेरी आणि निर्दोष दिसतो, पेटीत पहिल्या प्रतीत बसतो आणि कापल्यावरच कळतो. दीर्घकाळ ओढणाऱ्याच्या हिरडीचे तसेच असते.

याचे कारण रक्तवाहिन्यांत आहे. निकोटीनमुळे सूक्ष्म रक्तवाहिन्या आकसतात, आणि वर्षानुवर्षे ओढणाऱ्याच्या हिरडीत दाहाला प्रतिसाद म्हणून नव्या वाहिन्या जितक्या वाढायला हव्यात तितक्या वाढत नाहीत. त्यामुळे जंतूंचा थर तेवढाच असूनही हिरडी लाल होत नाही आणि रक्तही कमी येते. त्याच वेळी जंतूंशी लढणाऱ्या न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशींचे काम बिघडते, खोल फटीतला प्राणवायू आणखी कमी होऊन बिनप्राणवायूवर जगणाऱ्या घातक जिवाणूंना सोयीची जागा मिळते, आणि जखम भरून काढणाऱ्या पेशी मंदावतात. अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य पाहणीच्या आधारे २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, धूम्रपान करणाऱ्यांमध्ये हा आजार असण्याची शक्यता कधीही न ओढलेल्यांच्या सुमारे चौपट आढळली. म्हणजे ज्यांना धोका सर्वाधिक, त्यांचेच बाहेरचे लक्षण सर्वांत पुसट असते.

मग लाळेत काय सापडते? आपल्या तोंडात दिवसाला साधारण अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते. तिचा ९९ टक्के भाग पाणी असतो. उरलेल्या भागात क्षार, प्रथिने, पेशी आणि जिवाणू असतात. महत्त्वाचे हे, की तोंडातली लाळ नुसत्या लाळग्रंथींची नसते. हिरडीच्या फटीतून एक पातळ स्राव सतत पाझरून तिच्यात मिसळत असतो आणि हिरडी आजारी असली की तो वाढतो. फटीत जे काही चालले आहे त्याचे अवशेष या स्रावाबरोबर लाळेत येतात. सुई न टोचता आणि रक्त न काढता ते मोजता येतात.

हे अवशेष तीन प्रकारचे धरले तर विषय सोपा होतो. पहिला प्रकार दाहाच्या निरोपांचा. शरीरातील पेशी एकमेकींना धोक्याचा निरोप देण्यासाठी जी प्रथिने सोडतात, त्यांपैकी इंटरल्युकिन-१ बीटा आणि इंटरल्युकिन-६ यांचा लाळेत बराच अभ्यास झाला आहे. तिसरा प्रकार हाडाचा: हाड विरघळताना त्यातील कोलॅजनचे तुकडे सुटतात, आणि हाड खाणाऱ्या पेशींना चालना देणारे रँकल व तिला आवर घालणारे ऑस्टिओप्रोटेजेरिन यांचे परस्पर प्रमाण बदलते. हाडाच्या या खुणा लाळेत फार विरळ असतात, त्यामुळे त्या पकडणे कठीण जाते.

मधला, दुसरा प्रकार सर्वांत उपयोगी ठरला आहे. न्यूट्रोफिल पेशी फटीत जमल्या की एमएमपी-८ नावाचे विकर, म्हणजे एन्झाइम, सोडतात. दात आणि हाड यांना जोडणारे तंतू कोलॅजनचे असतात आणि एमएमपी-८ नेमके कोलॅजनच तोडते. जंतूंना मारायला निघालेल्या पेशी आपल्याच तंतूंची अशी नासधूस करतात. पायरियात दात सुटतो तो बऱ्याच अंशी या अंतर्गत हानीमुळे, केवळ जंतूंनी पोखरल्यामुळे नव्हे. हे विकर दोन रूपांत असते: एक निष्क्रिय, साठवलेले, आणि दुसरे सक्रिय, प्रत्यक्ष तोडणारे. फिनलंडमध्ये हेलसिंकी विद्यापीठातील टिमो सोर्सा आणि त्यांच्या गटाने या सक्रिय रूपावर दीर्घकाळ काम केले, आणि त्यातून दवाखान्यात खुर्चीजवळ करता येईल अशी तपासणी तयार झाली. तिच्यात साधारणपणे दर मिलिलिटरला २० नॅनोग्रॅम ही सीमा धरतात. एक नॅनोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा शंभर कोटीवा भाग.

ती तपासणी कशी होते ते सांगतो, कारण ती पाहिली की भीती जाते. आधी साध्या पाण्याने अर्धा मिनिट चूळ भरून थुंकायचे आणि मिनिटभर थांबायचे. मग ५ मिलिलिटर शुद्ध पाणी तोंडात घेऊन अर्धा मिनिट नीट खळखळवायचे आणि ते छोट्या पेल्यात सोडायचे. परिचारिका ते पाणी सिरिंजमध्ये ओढून बारीक गाळणीतून गाळते आणि तीन-चार थेंब प्लास्टिकच्या पट्टीवरच्या खळग्यात टाकते. कोविडच्या काळात घरोघरी पाहिलेल्या पट्टीसारखीच ही असते. पाणी कागदातून हळूहळू पुढे सरकते आणि पाच-दहा मिनिटांत रेषा उमटतात. एकच रेषा आली तर पट्टी नीट चालली आणि विकराचे प्रमाण सीमेखाली आहे. दुसरीही उमटली, अगदी फिकट का होईना, तर प्रमाण वाढलेले आहे. एकही उमटली नाही तर पट्टी बाद समजायची.

येथवर सगळे सरळ आहे. अडचण येते ती ओढणाऱ्याची लाळ पट्टीवर पडल्यावर. ज्या रक्तवाहिन्या आकसल्यामुळे रक्त येत नाही, त्याच वाहिन्यांतून न्यूट्रोफिल फटीत यायचे असतात आणि त्याच वाहिन्यांतून तो पातळ स्रावही पाझरायचा असतो. दोन्ही बदलले की लाळेतील आकडे बदलतात, आजार तेवढाच असला तरी. फिनलंडमध्येच १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, सध्या ओढणाऱ्यांच्या लाळेत एमएमपी-८ चे प्रमाण कमी आढळले होते. इतर काही अभ्यासांत मात्र असा फरक दिसला नाही किंवा उलट दिसला. ओढणाऱ्या रुग्णांच्या लाळेत हाडाच्या झिजेला आवर घालणारे ऑस्टिओप्रोटेजेरिन कमी असल्याचेही नोंदले गेले आहे. या विसंगतीचे एक कारण असे, की काही प्रयोगशाळा विकराची दोन्ही रूपे एकत्र मोजतात आणि काही फक्त सक्रिय. दुसरे असे, की कोणी दिवसाला चार सिगारेटी ओढणाऱ्यालाही धूम्रपानी गटात घालतो आणि कोणी फक्त तीस ओढणाऱ्यालाच. लाळेत लपलेले रक्त म्हणजे हिमोग्लोबिन शोधणाऱ्या तपासण्याही आहेत. पण ज्यांच्या हिरड्यांतून मुळातच कमी रक्त येते, त्यांच्यासाठी ती खूण सर्वांत कमी भरवशाची असणार, हे ओघाने येते.

मोजपट्टी एकच ठेवल्याने काय बिघडते, ते उदाहरणापुरत्या धरलेल्या आकड्यांनी पाहू. न ओढणारे १०० रुग्ण आहेत, सगळ्यांना आजार आहे, आणि ठरलेल्या सीमेवर तपासणी त्यांपैकी ८० जणांना पकडते. आता तेवढाच आजार असलेले १०० ओढणारे घ्या. त्यांचे आकडे सरसकट थोडे खाली सरकलेले आहेत, म्हणून त्याच सीमेवर ६० जणच पकडले जातात. सुटलेले ४० जण ‘हिरड्या ठीक आहेत’ असा कागद हातात घेऊन घरी जातात. आधीच रक्त येत नव्हते, त्यात आता तपासणीचाही दाखला मिळाला. तो माणूस पुढची काही वर्षे डॉक्टरांकडे फिरकणार नाही. ओढणाऱ्यांसाठी सीमा खाली आणली तर हे चुकणे कमी होईल, पण निरोगी ओढणाऱ्यांपैकी काही विनाकारण पुढे पाठवले जातील. माझ्या मते शिबिरात ही दुसरी चूक पत्करावी, कारण तिची भरपाई प्रोब घेऊन बसलेले डॉक्टर दहा मिनिटांत करू शकतात. पहिल्या चुकीची भरपाई हाड गेल्यावर होत नाही. दुसरा मार्ग एकाऐवजी दोन-तीन खुणा एकत्र वाचण्याचा आहे, म्हणजे एक फसली तरी दुसरी सावरते.

कोकणात आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. परदेशातील बहुतेक अभ्यास माणसांचे दोनच गट करतात: ओढणारे आणि न ओढणारे. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात तंबाखू ओढणारे प्रौढ ३.८ टक्के होते, आणि बिनधुराची तंबाखू घेणारे २४.४ टक्के. म्हणजे तिकडचा अर्ज इथे जसाच्या तसा भरला, तर तंबाखू घेणारी बहुसंख्य माणसे ‘न ओढणारे’ या रकान्यात जाऊन बसतील आणि निरोगी तुलनेचा गटच गढूळ होईल. शिबिरात डॉक्टरांनी मालवणकडच्या एखाद्या वयस्कर बाईंना विचारले, “काकी, विडी-सिगारेट ओढता का?”, तर उत्तर येते, “नाय ओ डॉक्टर, विडी कोण ओढता? सकाळची मशेरी तेवडी लावतंय.” ती मशेरी म्हणजे तव्यावर काळी होईपर्यंत भाजून कुटलेली तंबाखूच, बोटाने हिरड्यांवर चोळली जाते आणि तिच्यातले निकोटीन तोंडातूनच रक्तात जाते. गालात तंबाखू-चुन्याची गोळी धरणाऱ्यांत, ती जिथे रोज ठेवली जाते तिथली हिरडी दातावरून खाली सरकलेली दिसते. म्हणून प्रश्न असा विचारायला हवा: तंबाखू कोणत्या रूपात, दिवसातून किती वेळा, किती वर्षे, आणि शेवटची कधी घेतली. हिरड्यांच्या आजाराचे जे वर्गीकरण २०१८ पासून जगभर वापरले जाते, त्यात दिवसाला १० किंवा अधिक सिगारेटी ओढणाऱ्याला वेगाने वाढणाऱ्या आजाराच्या श्रेणीत धरतात; त्या तक्त्यात विडी नाही आणि मशेरीही नाही.

सुदैवाने इथेही लाळच मदतीला येते. शरीरात गेलेल्या निकोटीनचे कोटिनीन होते आणि ते लाळेत उतरते. निकोटीन दोन-तीन तासांत निम्मे होते, पण कोटिनीन निम्मे व्हायला साधारण १६ ते २० तास लागतात, त्यामुळे मागच्या काही दिवसांतले तंबाखूचे सेवन त्यावरून कळते. ती ओढलेली असो, चघळलेली असो की हिरडीला चोळलेली असो. एकाच नमुन्यातून हिरडीची स्थिती आणि तंबाखूचे प्रमाण दोन्ही मोजले, तर पहिला आकडा दुसऱ्याच्या उजेडात वाचता येतो. संकोचाने किंवा सवयीने दिलेल्या ‘नाही’ या उत्तरावर मग सगळी मदार राहत नाही. मात्र कोटिनीन कोणाला पकडण्यासाठी वापरू नये. रुग्णाला आधी सांगावे, त्याचा होकार घ्यावा आणि आकडा त्याच्याशीच बोलावा.

या तपासणीच्या मर्यादाही नीट ठाऊक असायला हव्यात. लाळ सगळ्या तोंडाची एकत्र असते. आजार आहे एवढे ती सुचवते, कोणत्या दाताला आहे ते सांगत नाही, आणि एकाच दाढेशी खोल फट असेल तर तिचा स्राव बाकीच्या लाळेत विरून जातो. ज्यांचे पुष्कळ दात आधीच पडले आहेत, त्यांच्या तोंडात आजारी फटीच कमी उरतात आणि आकडा फसवा चांगला येतो. मधुमेह, संधिवात, गरोदरपण, तोंडातली जखम किंवा छाले यांनीही आकडे हलतात. तपासणीपूर्वी तासभर काही खाऊ-पिऊ नये, दात घासू नयेत आणि तंबाखूही घेऊ नये.

प्रयोगशाळेत पाठवायच्या नमुन्याची काळजी वेगळी. लाळेत प्रथिने पचवणारी विकरे असतात आणि मे महिन्याच्या उकाड्यात ती मोजायच्या प्रथिनांनाच खातात, म्हणून नमुना घेतल्याबरोबर बर्फात ठेवून लवकर पोहोचवावा लागतो आणि तिथे उणे ८० अंशांवर साठवावा लागतो. पावसाळ्यात घाट बंद पडतो, वीज तासन्‌तास जाते; अशा वेळी दुर्गम गावातून हे जमणे अवघड. पट्टीची तपासणी जागीच संपते, हा तिचा मोठा फायदा. फक्त इथल्या दमट हवेत पट्टीचे पाकीट थेंब तयार असतानाच फोडावे.

पट्टीवर दुसरी रेषा आली म्हणजे निदान झाले असे नाही. ते दाताच्या डॉक्टरांकडे जाण्याचे कारण आहे, आणि प्रोब व एक्स-रे यांनीच आजार पक्का होतो. उपचार म्हणजे हिरडीखालचे कीटण काढून मुळे स्वच्छ करणे, घरी दात आणि दातांमधल्या फटी रोज नीट साफ करणे, आणि तंबाखू सोडणे. सोडण्यासाठी १८००-११-२३५६ या राष्ट्रीय क्रमांकावर मोफत समुपदेशन मिळते. सोडल्यानंतर काही आठवड्यांत हिरड्यांतून पूर्वी येत नव्हते ते रक्त येऊ लागते, आणि नेमक्या या वेळी पुष्कळ लोक घाबरून पुन्हा विडीकडे किंवा मशेरीकडे वळतात. तंबाखूने हिरड्या घट्ट राहत होत्या, असा त्यांचा समज होतो. वास्तविक तिथला रक्तपुरवठा परत येत असतो आणि दबलेली सूज आता दिसू लागलेली असते. सफाई झाली की ती उतरते. लाळेतले आकडेही या काळात हलतात. म्हणून तंबाखू सोडलेल्याची पुढची तपासणी उपचारानंतर साधारण तीन महिन्यांनी करावी, कागदावर शेवटची तंबाखू कधी घेतली ती तारीख लिहावी, आणि नवा आकडा त्याच माणसाच्या जुन्या आकड्याशी ताडून पाहावा.